पांगबोचेचा धागा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण, किंचित संक्षेपाने)



या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी मला उभे करण्यात कार्यकारिणीचा माझ्याविषयीचा लोभ दिसतो. विवेक दिसतो असे मात्र म्हणवत नाही. या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर, इतिहासावर अधिकारी मंडळी बोलून गेली आहेत. मी मापे घेण्यात उभे आयुष्य घालवलेला माणूस. एखादा नळकांडा शतांश मिलिमीटरने जाड आहे की बारीक, एवढे मी आजही बोटाने सांगू शकेन. त्यापलीकडचा माझा अधिकार नाही. तेव्हा एका प्रवासात मला मिळालेल्या आशीर्वादाची हकीकत सांगावी, एवढेच मी योजिले आहे. हा आशीर्वाद मला प्रथम मिळाला तो एका खोट्यावर, आणि म्हणूनच ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

आपले शहर संस्कारधानी म्हणून ओळखले जाते. परंतु आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील येथे आले ते संस्कारांच्या ओढीने नव्हे, पोटासाठी. कोणी भोसल्यांच्या अमलात आले, कोणी रेल्वेबरोबर आले. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आला, आणि पुढे कित्येक मराठी घरांची घड्याळे त्यांच्या भोंग्यांवर चालू लागली. माझे वडील अशाच एका कारखान्यात लागले, मीही लागलो. तोफगोळ्याचे कवच मापात आहे की नाही हे तपासणे, हे माझे तेहतीस वर्षांचे काम. २०२१ साली या साऱ्या सरकारी कारखान्यांच्या कंपन्या झाल्या. मी त्यापूर्वीच, २०१८च्या जुलैत, निवृत्त झालो होतो.

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे यावर आपल्याकडे सल्ल्यांची टंचाई नाही. माझी धाकटी मुलगी पुण्याला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतले गड चढते. मे २०१२मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे आठ गिर्यारोहक एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, तेव्हापासून तिच्या पिढीच्या मुलांना हिमालय म्हणजे जणू मुळशीच्या पलीकडचा डोंगर वाटू लागला आहे. ती म्हणाली, “बाबा, माथा नको, पायथा तरी पाहू या.” पायथा म्हणजे एव्हरेस्टचा तळ, समुद्रसपाटीपासून ५,३६४ मीटर. मदनमहालाच्या टेकडीवर चढताना वाटेत दोनदा बसणारा मी, मुलीच्या एका वाक्यावर तयार झालो. पुण्याच्या सात जणांत मी आठवा; बाकीचे सारे माझ्या निम्म्या वयाचे.

काठमांडूहून लहान विमानाने लुक्लाला उतरतात. एडमंड हिलरींच्या पुढाकाराने १९६४ साली शेर्पांनी ही धावपट्टी तयार केली. ती सपाट नाही, चढावर आहे. विमान उतरते ते डोंगराच्या पोटात शिरल्यासारखे. तेथून पुढे रस्ता असा नाहीच, पायवाट आहे. माणसे, खेचरे आणि याक यांची सारखी ये-जा. जड ओझे डोक्याला पट्टा लावून पाठीवर वाहणारी पोरसवदा मुले आम्हांला मागे टाकून जात, आणि आमच्या पाठीवर पाण्याच्या बाटलीखेरीज फारसे काही नसे. त्याची लाज पहिले दोन दिवस वाटली; मग धापेपुढे लाजही वाटेनाशी झाली.

वाटेत दगडांच्या लांब भिंती लागतात. प्रत्येक दगडावर ‘ॐ मणिपद्मे हूं’ कोरलेले. त्या भिंती उजव्या हाताला ठेवून जावयाचे, असा तिकडचा नियम. आपण देवळाला प्रदक्षिणा घालतो तशीच ही चालती प्रदक्षिणा. आमच्याबरोबर दोन वाटाडे होते. मुख्य वाटाड्या पुढे, तरुणांबरोबर. आणि दुय्यम, तेवीस-चोवीस वर्षांचा शेर्पा मुलगा, सर्वांत शेवटी. मीही शेवटी असल्यामुळे चार दिवसांत आमची चांगली गट्टी जमली. तो पांगबोचेच्या जवळचाच. हिंदी सिनेमावर वाढलेले त्याचे हिंदी आपल्या जबलपुरी हिंदीला अगदी शोभेसे होते. मला तो “अंकल” म्हणे. तिसऱ्या दिवशी मुलीचे ऐकून “बाबा” म्हणू लागला.

नामचे बाजार, ३,४४० मीटर. तेथे दोन रात्री काढून शरीराला विरळ हवेची सवय करावयाची. तेथून तेंगबोचे. तेंगबोचेचा मठ लामा गुलू यांनी १९१६च्या सुमारास स्थापिला. १९३४च्या भूकंपात तो कोसळला, पुन्हा बांधला. १९८९च्या जानेवारीत आगीत जळाला, पुन्हा बांधला. आम्ही सायंकाळी पोचलो तेव्हा आत पाठ चालला होता. मोठमोठ्या लांब तुताऱ्यांचा तो घनगंभीर नाद ऐकताना मला आपल्या नर्मदेचा धुवांधार आठवला. तुलना विजोड आहे, हे मान्य. पण परदेशात माणूस ओळखीचे काहीतरी शोधतो, आणि आपणा परप्रांतात वाढलेल्यांना ती सवय जन्मतःच असते.

पांगबोचे हे तेथून दोन-तीन तासांवर, सुमारे चार हजार मीटर उंचीवरचे गाव. खुंबू भागातला सर्वांत जुना समजला जाणारा मठ तेथे आहे. लामा सांगवा दोर्जे यांनी तो स्थापिला. त्यांनी आपले केस कापून भिरकावले आणि त्यांतून मठाभोवतीची धूपीची झाडे उगवली, अशी कथा सांगतात. झाडे खरोखरच जुनी आणि पिळदार आहेत. याच मठात यतीचा म्हणून एक हात आणि कवटी दाखवीत असत. १९९१ साली ती चोरीस गेली. त्या हाताचे एक बोट पूर्वीच विलायतेला पोचले होते. २०११मध्ये त्याची तपासणी झाली, तेव्हा ते माणसाचे निघाले. मापे घेणाऱ्या माणसाला अशा बातम्यांनी समाधान वाटते, ते मी लपवीत नाही.

एव्हरेस्टवर जाणाऱ्या कितीतरी मोहिमा पांगबोचेला थांबून आशीर्वाद घेतात. अनेक वर्षे हा आशीर्वाद लामा गेशे देत असत. जगभरच्या गिर्यारोहकांच्या गळ्यात त्यांनी पांढरा खाता घातला, लाल धागा बांधला. आम्ही गेलो त्याच वर्षी, २०१८च्या फेब्रुवारीत, ते निवर्तले होते. मुले हिरमुसली. आमचा शेर्पा मुलगा म्हणाला, “मठात दुसरे एक म्हातारे लामा आहेत. ते कोणाला फोटोसाठी बोलावीत नाहीत. पण गेलो तर नाही म्हणणार नाहीत.”

येथे थोडे थांबून माझी मनःस्थिती सांगितली पाहिजे. माझ्या आजीचा गंड्यादोऱ्यावर अपार विश्वास. शनिवारी मारुतीचा काळा दोरा, दृष्ट लागली की लिंबू-मिरची. माझे वडील आगरकर वाचून वाढलेले. त्यांनी एके दिवशी माझ्या मनगटावरचा दोरा कात्रीने कापला आणि आजी दोन दिवस जेवली नाही. मी सात वर्षांचा होतो. तेव्हापासून माझ्या मनगटावर घड्याळाखेरीज काही चढले नाही. त्यामुळे मठाच्या पायऱ्या चढताना, आपण शिष्टाचार म्हणून जात आहोत, असे मी स्वतःला बजावीत होतो. शिष्टाचार म्हणून माणूस पायांतले बूट काढतो. पण माझे तर हातही थरथरत होते. उंचीमुळे असेल.

लामा एका खिडकीशी, लोकरीच्या पांघरुणात, जमिनीपासून जरा उंच बैठकीवर बसले होते. समोर पोथीची सुटी पाने, लोण्याचा दिवा, चहाचा प्याला. वय ऐंशीच्या पुढचे. एकेकजण पुढे होई, आपला खाता त्यांच्या हाती देई. ते काही पुटपुटत तो परत गळ्यात घालीत, कपाळाला कपाळ टेकवीत, आणि एका लाल दोऱ्याला गाठ मारून, तीवर फुंकर घालून, तो गळ्यात बांधीत. या दोऱ्याला तिकडे ‘सुंगदी’ म्हणतात. मुलांचे भराभर झाले. माझी पाळी आली तेव्हा ते थांबले. माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून त्यांनी शेर्पा बोलीत काहीतरी विचारले. मुलगा म्हणाला, “बाबा, विचारतात, काम काय करता?”

हा प्रश्न आयुष्यात हजार वेळा ऐकला होता. रेल्वेच्या डब्यात, लग्नाच्या मांडवात. “डिफेन्समध्ये आहे,” असे उत्तर दिले की समोरचा मान डोलावतो. तेथे ते उत्तर सुचेना. मी हिंदीत सरळ सांगितले : “तोफेचे गोळे करण्याच्या कारखान्यात होतो. तेहतीस वर्षे. आता निवृत्त झालो.”

मुलगा क्षणभर घुटमळला आणि बोलला. लामांनी मान हलविली, हसले, माझा डावा हात ओढून घेतला आणि दोरा गळ्याऐवजी मनगटावर बांधला. बाहेर आल्यावर मला फार हलके वाटले. असे उत्तर ऐकूनही या वृद्ध भिक्षूच्या चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही, उलट ते हसले, याचे मोठे अप्रूप वाटले. मुलीला मी म्हटलेही, “पाहिलेस? यांच्या करुणेला सीमा नाही.” ती माझ्या मनगटाकडे पाहत राहिली. तिच्या आजोबांची कात्री तिने ऐकलेली होती.

पुढचे चार दिवस मी थोडक्यात सांगतो. ज्यांना दम्याचा अनुभव आहे त्यांना त्यांत नवे काही नाही. दिंगबोचे, मग थुकला. थुकलाच्या चढावर, पर्वतावर गेलेल्यांची स्मारके आहेत, दगडांचे छोटे-मोठे स्तूप, वर पताका. दहादा एव्हरेस्ट चढून २००१ साली तेथेच प्राण गमावलेल्या बाबू चिरी शेर्पाचेही त्यांत आहे. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार, बहुतेक शेर्पाच, गाडले गेले. पुढच्याच वर्षी भूकंपाने तळावरच हिमलोट आणला. एव्हरेस्टला शेर्पा चोमोलुंग्मा म्हणतात, तेथे मियोलांगसांग्मा देवी राहते असे मानतात, आणि तळावर पूजा झाल्यावाचून वर पाऊल टाकीत नाहीत. सातू उधळतात, गालांना पीठ फासतात, धूपीचा धूर करतात, दोर आणि कुऱ्हाडीसुद्धा पूजेला मांडतात. आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रांना झेंडू वाहतो, त्याची मला आठवण झाली. आमच्या कारखान्यातही ती पूजा होई. मी स्वतः मापकांना हळदकुंकू लावीत असे. कशाला लावतो, हा विचार त्या स्मारकांपाशी प्रथम आला.

लोबुचे, ४,९४० मीटर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्म्याहून थोडा अधिक. रात्रभर डोके ठणकत होते. पहाटे बुटाची नाडी बांधावयास बसलो आणि गाठ कशी मारतात ते आठवेना. दोन्ही टोके हातांत धरून मी बसून राहिलो. मुलीने पाहिले आणि मुख्य वाटाड्याला हाक मारली. तो मला सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकून चालावयास सांगू लागला, आणि मला ते जमेना. तळ सहा-सात तासांवर होता. मुलांपैकी एकजण कळवळून म्हणाला, “काका, लामांचा आशीर्वाद आहे, काही होत नाही.” वाटाड्याने त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही. “खाली. आत्ता.” मुलगी माझ्याबरोबर येऊ लागली, मी तिला पुढे पाठविले. ती रडली, मी रागावलो, आणि दुय्यम वाटाड्या माझा हात धरून मला खाली नेऊ लागला.

दुपारी फेरिचेला पोचलो. तेथे हिमालयीन बचाव संस्थेचा दवाखाना आहे. १९७३पासून चालू असलेली ही संस्था विरळ हवेने आजारी पडलेल्यांवर उपचार करते. डॉक्टरांनी औषध दिले, आणखी खाली जा म्हणाले. सातशे मीटर उतरताच माझे डोके इतके स्वच्छ झाले की बुटाच्या नाडीची गाठ मी तीनदा सोडून बांधली. मग चुलीशी बसून त्या मुलाला म्हणालो, “तुझ्या लामांनी तारले बघ. तोफगोळे करणाऱ्यालासुद्धा.”

मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, “बाबा, मी तसे सांगितले नाही.”

“म्हणजे?”

“मी म्हटले, हे लोखंडाचे काम करतात.”

मी पाहतच राहिलो. तो खालमानेने म्हणाला, “म्हातारे आहेत. त्यांना कशाला वाईट वाटू द्यायचे? आणि तुम्हांलाही.”

त्याला मी काय बोलणार? त्याने जे केले ते मी तेहतीस वर्षे रेल्वेच्या डब्यात करीत आलो होतो. परंतु मनगटावरचा तो धागा मला अचानक दुसऱ्या कोणाचा तरी वाटू लागला. एखादा लोहार असेल, पांगबोचेत येऊन गेला असेल. त्याचे मनीऑर्डरचे पैसे चुकून माझ्या हाती पडले होते.

रात्रभर झोप नाही. या वेळी उंचीमुळे नव्हे. सकाळी त्याला म्हणालो, वाटेवर पांगबोचे आहेच. तू पुन्हा माझ्याबरोबर मठात चल, आणि मी जे म्हणेन ते शब्दाला शब्द सांग. तो तयार होईना. शेवटी म्हणाला, “सांगतो, पण मी खोटे बोललो हेही मलाच सांगावे लागेल.” ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. त्याच्या गावचे लामा, त्याच्या घरच्या बारशामयताला तेच येणार. मी म्हटले, राहू दे. तो म्हणाला, “आता नाही राहू द्यायचे.” आणि मला मागे टाकून चालू लागला. त्या प्रवासात तो माझ्यापुढे चालला तो एवढाच.

लामा त्याच खिडकीशी होते. मुलाने आधी आपले सांगून टाकले असावे, कारण लामांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. मग माझे सांगितले. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. मी डाव्या मनगटावरची गाठ सोडून धागा त्यांच्यापुढे ठेवण्याच्या तयारीने गेलो होतो, गाठ सुटेना. ओल्या-सुक्या हवेने ती आवळली होती.

त्यांनी विचारले : त्या कारखान्यात अजून माणसे काम करतात का?

मी म्हटले, “हो. हजारो.”

त्यांना मुलेबाळे आहेत?

“आहेत.”

त्यांनी एका डब्यातून मूठभर मंत्रून ठेवलेले तांदूळ काढले, पोथीच्या जुन्या कागदात नव्हे तर बिस्किटाच्या रिकाम्या वेष्टनात बांधले, माझ्या हाती दिले आणि मुलाला काही सांगितले. तो म्हणाला, “म्हणतात, एवढ्या लोकांना धागे पुरणार नाहीत. हे वाटा.” धाग्याला त्यांनी हातही लावला नाही. बरे, वाईट, पाप, पुण्य, यांतले एक अक्षर ते बोलले नाहीत. त्यांचा चहा थंड होत होता. तो ते पिऊ लागले. आम्ही उठलो.

परत आल्यावर ते तांदूळ कोणाला द्यावयाचे? कारखान्याच्या फाटकाशी उभा राहून वाटू लागलो असतो तर शिपायांनी मला ओळखीच्या डॉक्टरकडे नेले असते. पहिले दाणे दिले ते माझ्याच विभागातल्या एका सहकाऱ्याला. शेजारच्या यंत्रावर आम्ही अठ्ठावीस वर्षे उभे होतो. ते बौद्ध आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा त्यांचे वडील जबलपूरहून गाडीने गेले होते. हे मला त्या दिवशी कळले. अठ्ठावीस वर्षांत मी कधी विचारले नव्हते. ते माझ्या घरी गणपतीला कितीदा आले होते, मोदक खाऊन गेले होते. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तो हिमालयातले तांदूळ घेऊन.

त्यांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, “अहो, शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा व्यापार उपासकाने करू नये, हे अंगुत्तर निकायात आहे. हा प्रश्न मला नोकरी लागली त्याच वर्षी पडला. त्यासाठी तुम्ही एवढे चार हजार मीटर चढलात? मी शेजारच्या यंत्रावर होतो.”

मी विचारले, मग तुम्ही काय उत्तर काढलेत?

ते म्हणाले, “माझ्या वडिलांना गावच्या विहिरीला शिवू देत नव्हते. कारखान्याच्या नळावर त्यांना कोणी जात विचारली नाही. ते नळाचे पाणी पिऊन मी शिकलो. बाबासाहेबांचे वडील तर सुभेदार होते, पलटणीत. उत्तर काढले असे नाही. प्रश्न बरोबर घेऊन रोज कामावर गेलो. तुम्ही तो घरी ठेवून येत होता, एवढाच फरक.”

हे ते हसत बोलले. पण मला ते हसण्यावारी नेता आले नाही. मी म्हटले, तुमच्या धम्मात या दोऱ्याला जागा नसेल. बाबासाहेबांनी असले सारे टाकावयास सांगितले. त्यावर आतून त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “आमच्याकडे परित्राण पाठ असतो तेव्हा भन्तेजी पांढरा दोरा बांधतातच की. हे नाही बांधून घेत, मी घेते.” उभयतांचे यावर जुने भांडण असावे, कारण त्यांनी लगेच वर्तमानपत्र उघडले. तांदूळ मात्र त्यांनी चिमूटभर घेतले आणि खिशात ठेवले. खाल्ले की टाकले, मी विचारले नाही.

मग आम्ही दोघे मिळून रूपनाथला गेलो. आपल्या पूर्वीच्या जबलपूर जिल्ह्यात, आता कटनीत, बहोरीबंदजवळ कैमूरच्या पायथ्याला अशोकाचा शिलालेख आहे, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. मंडळाच्या सहलीत लहानपणी मीही तेथे गेलो होतो. राम, लक्ष्मण आणि सीता या कुंडांत पाय सोडून बसलो, महादेवाचे दर्शन घेतले, पुरी-भाजी खाल्ली; शिळेकडे आमच्यापैकी कोणी पाहिल्याचे मला आठवत नाही. त्या लेखात सम्राट स्वतःविषयी सांगतो की, उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला, परंतु आरंभी आपण फारसा नेट धरला नाही. आणि फळ थोरांनाच मिळते असे नाही, लहानांनाही नेटाने मिळते. सहकारी ब्राह्मी लिपी थोडी वाचतात. त्यांनी बोट न लावता एकेक अक्षर दाखविले. मला धर्मानंद कोसंबी आठवले. गोव्यातल्या साखवाळचा हा तरुण बुद्धाचा शोध घेत काशीहून नेपाळला गेला, तेथे हवे ते मिळाले नाही म्हणून बोधगयेवरून सिलोनला पोचला आणि १९०२ साली तेथे त्याने श्रामणेर दीक्षा घेतली. ज्या नेपाळातून ते निराश होऊन परतले तेथून मी मूठभर तांदूळ घेऊन आलो, आणि शिळा माझ्या शहरापासून एका सकाळच्या अंतरावर होती.

अजून एक लहानशी गोष्ट सांगून आटोपतो. हिवाळ्यात लोकरी कपडे विकणारे तिबेटी लोक आपल्या शहरात येतात. त्या डिसेंबरात एका दुकानात मी स्वेटर पाहत होतो. दुकानदारीण बाईंनी माझे मनगट पाहिले आणि चक्क मराठीत विचारले, “कोठून बांधून आणला भाऊ?” त्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या. तेथे १९७२पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्या तेथेच जन्मल्या, मराठी शाळेत शिकल्या. आपण घरापासून दूर मराठी जपतो म्हणून सुवर्णमहोत्सव करतो. या बाई आपल्या देशापासून दूर, आपलीच भाषा बोलत स्वेटर विकतात. मी पांगबोचे म्हटले. त्यांनी दोन्ही हात जोडले. धाग्याचे आता काय करावे असे विचारता म्हणाल्या, “कापाचा नाही भाऊ. आपल्यानंच तुटते तो.”

तो त्यानंतर दीड वर्षाने, टाळेबंदीच्या दिवसांत, भांडी घासताना तुटला. तांदूळ अजून थोडे शिल्लक आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी कार्यक्रमानंतर मागावे, जुन्या कामगारांना प्रथम. माझे सहकारी आज सपत्नीक तिसऱ्या रांगेत बसले आहेत. पन्नास वर्षांत मंडळाच्या सभागृहात ते प्रथमच आले आहेत, कारण त्यांना आजवर कोणी बोलावले नव्हते. त्यांत मीही आलो. भाषण पाऊण तासापेक्षा लांबवू नका, असे त्यांनी मला फाटकातच बजावले होते, आणि आता ते घड्याळ पाहत आहेत.